नऊ वाजून चाळीस मिनिटे

वत्सलाबाई गद्रे अडीच वाजता महाविद्यालयाच्या संग्रहाच्या खोलीत आल्या त्या फक्त टाचण्या शोधायला. चार वाजता पक्षिमित्र मंडळाची सभा होती. सातपुड्यातल्या ससाण्याची त्यांनी काढलेली चार चित्रे फळ्यावर लावायची होती, आणि टाचण्या कुठे असतात ते शिपायाला माहीत नव्हते. त्यांनी टेबलाचा खण ओढला, तो रिकामा निघाला. मग भिंतीकडच्या कपाटाचा तिसरा खण ओढला, तो जड लागला. आत कापूस भरलेले पक्षी उताणे, ओळीने निजवलेले होते. डांबराच्या गोळ्यांचा वास आला. प्रत्येकाच्या उजव्या पायाला दोऱ्याने एकेक चिठ्ठी होती. मुलींच्या शाळेत चौदा वर्षे चित्रकला शिकवलेल्या बाईची नजर आधी रंगावर जाते, तशी त्यांची गेली. शेवटच्या पक्ष्याचे पोट तांबूस, विटकरी, आणि पंखांची कड पाटीसारखी काळी. शाहीन ससाणा. चांगला मिळाला आगाशे सरांना, असे त्यांच्या मनात आले. मग त्यांना त्याचा मोकळा डावा पाय दिसला. मागच्या बोटाची नखी अर्ध्यात तुटलेली होती, आणि तुटलेली कड आतल्या बाजूला किंचित वळलेली होती.

हा पाय त्यांनी अकरा वेळा काढला होता. पहिल्या पाच वेळा तो त्यांना जमला नव्हता, कारण नखी तुटलेली आहे हे दुर्बिणीतून लक्षातच आले नव्हते आणि त्या आपल्या मनातली नखी काढत होत्या. "दिसतं ते काढा, वत्सलाबाई, असतं ते नव्हे," असे आगाशे सर मागून म्हणाले होते. त्यांनी चिठ्ठी उलटी केली. सर चिठ्ठ्या मराठीतच लिहीत, त्याचा त्यांना अभिमान होता. बारीक, सरळ अक्षरात लिहिले होते: शाहीन ससाणा, मादी. धडगावच्या वायव्येचा कडा, अक्राणी महाल, पश्चिम खानदेश. २६ फेब्रुवारी १९३७. सकाळी ९.४०. संग्राहक : प्रा. वि. ग. आगाशे, श्रीमती वत्सला गद्रे.

आपले नाव छापलेले किंवा लिहिलेले दिसले की माणूस क्षणभर सुखावतो. वत्सलाबाईही सुखावल्या, आणि ते सुख ओसरायच्या आधीच त्यांना खुर्ची शोधावी लागली. खोलीत एक स्टूल होते, त्यावर त्या बसल्या. खण उघडाच राहिला. बाहेर व्हरांड्यात मुले बाक सरकवत होती, कुणी तरी खुर्च्या मोजत होते. सव्वीस फेब्रुवारी हा शुक्रवार होता. त्या दिवशी त्या धडगावलाच होत्या, त्या कड्याच्या मागच्या अंगाला होत्या, आणि नऊ चाळीसला काय झाले हे त्यांना सांगता आले असते, कारण ते त्यांनी लिहून ठेवले होते. वेळ टिपण्याची सवय सरांचीच. पक्षी दिसला, उडाला, बोलला, गप्प बसला, की घड्याळ बघायचे आणि मिनिटासकट लिहायचे. वेळ नसलेली नोंद म्हणजे गप्पा, असे सर म्हणत. वहीची पिशवी खांद्यालाच होती. चित्रांबरोबर नोंदीही वाचून दाखवायच्या होत्या. पण त्यांना वही काढवेना. ती काढायची गरज नव्हती, म्हणूनही काढवेना.

नंदुरबार स्टेशनावर उतरल्यापासूनचे सगळे त्यांना पाठ होते. नऊ वर्षे त्या सरांबरोबर फिरत होत्या, पण पुण्याभोवतीच, सिंहगड, पाषाण, दिवे घाट. रात्रीच्या प्रवासाची फेरी ही पहिली. सरांनी पुस्तक लिहायला घेतले होते आणि त्यातली चित्रे कुणाची हे ठरायचे होते. मुंबईचा एक चित्रकार होता, त्याची चित्रे त्यांनी पाहिली होती, ती चांगली होती. चौतिसाव्या वर्षी, भावाच्या बिऱ्हाडी राहणाऱ्या बाईला आंब्याची कोयरी आणि कुंडीतले फूल शिकवण्यापलीकडे काही मिळायचे असेल तर ते याच पुस्तकातून मिळणार होते. सरांनी ते कधी बोलून दाखवले नाही. फक्त म्हणाले, "ससाणा जमला तर बघू." तापीकाठच्या एका गावात बन्सीलाल पाटील म्हणून सरांचा जुना विद्यार्थी होता, कापूस आणि केळी करणारा. त्याच्याकडे दोन दिवस मुक्काम झाला. बाईमाणूस बरोबर आहे म्हणून त्याची बायको सरलाबाई सोबतीला डोंगरात आली. जाडजूड, गुडघ्यांनी बेजार, आणि तोंड एक मिनिट बंद नाही. "अवं बाई, पाखरं देखाले इतलं दूर? मन्हा आंगनमा बस, कावळा फुकट दाखाडस!" घाट चढताना तट्टावर बसून ती सगळ्यांची थट्टा करी. सरांच्या सामानात एक लांबट चामडी पेटी होती, ती हमालाने खांदा बदलताना आपटली, तेव्हा सर पहिल्यांदाच कुणावर तरी ओरडले. त्यात दुर्बिणीची तिवई आहे, असे त्यांनी सांगितले. सरलाबाई तट्टावरून म्हणाली, "तिवई शे का तोफ शे, मास्तर?" सगळे हसले. सरही हसले. वत्सलाबाई सर्वांत जास्त हसल्या होत्या. तिवई त्या चारही दिवसांत उघडलेली त्यांनी पाहिली नाही, आणि हे त्यांना आता, स्टुलावर बसल्यावर आठवत होते.

वाटाड्या रेंग्या दुसऱ्या दिवशी सकाळी धडगावच्या डाकबंगल्याच्या पायरीशी येऊन बसला होता. पन्नाशीचा असेल. घरी पावरी बोले, आणि यांच्याशी बाजारात शिकलेली अहिराणी. कडा त्याच्या शेताच्या डोक्यावर होता. खाली दगडांच्या मधे उरलेल्या मातीत दोन पट्टे ज्वारी, आणि वर उभा, काळा, भेगा पडलेला खडक. ससाण्याला तो नाव घेऊन हाक मारत नसे. ती अंड्यांवर असताना तिचे नाव डोंगरात घ्यायचे नाही, 'वरली' म्हणायचे. "ती बठेल शे, म्हनीसन पोपट येत नही," त्याने कणसांकडे हात करून सांगितले. कड्यावर ससाणा बसत होता तोवर पोपटांचे थवे त्या शेतावरून वळून जात. वत्सलाबाईंनी ते पाहिले आणि टिपले : ७.५०, पोपट, अंदाजे चाळीस, शेताच्या अलीकडून उत्तरेला वळले. बापाच्या वेळेपासून ही जोडी किंवा हिच्या आधीची जोडी तिथे होती. कुणाला ती जागा दाखवायची तर त्याच्या घरची एक रीत होती. बघणाऱ्याने आपल्या हाताने मूठभर दाणे कड्याच्या पायथ्याशी ठेवायचे आणि म्हणायचे, बघून जातो, नेत काही नाही. वत्सलाबाईंनी ठेवले. सरांनी टोपी काढून, वाकून, दोन्ही हातांनी ठेवले, आणि स्वच्छ आवाजात म्हणाले, "बघून जातो, नेत काही नाही." त्या वेळी वत्सलाबाईंचे डोळे भरून आले होते. इतका मोठा माणूस आणि इतका साधा, असे त्यांना वाटले होते. आता त्यांनी तो प्रसंग पुन्हा बघितला. सर त्या दिवशी खोटे बोलत होते, की तोवर त्यांचे ठरले नव्हते? पेटी तर पुण्याहून निघाली होती. म्हणजे ठरलेले होते. पण वाकताना कदाचित खरे असेल. वत्सलाबाईंना हे 'कदाचित' हवे होते, आणि आपल्याला ते हवे आहे याची त्यांना चीड आली.

दोन दिवस त्या समोरच्या खडकावर बसून चित्रे काढत होत्या. दुर्बिणीतून मादी इतकी जवळ येई की तिच्या डोळ्याभोवतीचे पिवळे कडे दिसे. ती उठली की दोन अंडी दिसत, भाजलेल्या विटेच्या रंगाची. तिसऱ्या दिवशी, शुक्रवारी, सर सकाळी म्हणाले, "आज तुम्ही रेंग्याबरोबर मागच्या अंगाला जा. तिकडे गरुडाचं घरटं आहे म्हणतो. मी इथेच नोंदी पुऱ्या करतो." सरलाबाई गुडघे चेपत बंगल्यावरच राहिली. वत्सलाबाई आणि रेंग्या निघाले. वाट नव्हतीच. सुटे, निसरडे दगड, वाळलेले गवत आणि मधेच सालईची पांढुरकी झाडे. रेंग्या पुढे चाले, थांबे, कान देई, आणि बोटाने नव्हे तर हनुवटीने दाखवी. त्यांना डोंगरचिमणी दिसली, निळा कस्तूर दिसला. इतकी चांगली सकाळ आपल्या आयुष्यात झाली नाही असे त्यांनी वहीत लिहिले नव्हते, कारण ती नोंद नव्हे. घरट्यासमोर त्या बसल्या. गरुड नव्हताच, जुन्या काटक्यांचा ढीग होता. तरी त्या तो ढीग काढू लागल्या. रेंग्या शेजारी उकिडवा बसला. मग म्हणाला, "बाई, तुन्हा सर बोलस ते करस ना?"

त्यांनी कागदावरून मानही वर केली नव्हती. "सरांचा शब्द म्हणजे शब्द, रेंग्याभाऊ. नऊ वर्षं बघते आहे." "मोठा साहेब शे," रेंग्या म्हणाला. "मोठे आहेतच." तो आणखी काही विचारील असे त्यांना वाटले होते, पण त्याने गवताची काडी तोडली आणि तिचे बारीक बारीक तुकडे केले. त्यांनी सवयीने घड्याळ बघून लिहिले होते : ९.२५, रेंग्या विचारतो सर शब्द पाळतात का, हो म्हटले. कौतुकाने लिहिले होते. डोंगरातल्या माणसालाही सरांचे मोठेपण कळले, असे. त्यानंतर कड्याच्या पलीकडून आवाज आला. एकच, कोरडा, आणि मग दरीतून त्याचाच पडसाद. त्या दचकल्या. "काय झालं?" रेंग्या उठला नव्हता. "दगड फुटना," तो म्हणाला. "उन लागनं का फुटस." त्यांनी तेही लिहिले. ९.४०, खडक तडकल्याचा आवाज, एकदा.

स्टुलावर बसल्या बसल्या वत्सलाबाईंनी पहिली दहा मिनिटे रेंग्याचीच काळजी केली होती. दोघांना एकाच वेळी लांब पाठवले, दोघांना फसवले. तो संध्याकाळी शेतात गेला असेल, वर बघितले असेल. त्याला वाटले असेल, बाईला सगळे ठाऊक होते, बाईने मला गप्पांत गुंतवले. परतल्यावर बंगल्यापासून तो निरोप न घेता निघून गेला होता आणि वत्सलाबाईंनी ती डोंगरी रीत समजून सोडून दिली होती. या विचाराने त्यांना रडू येत होते, आणि त्या रडण्यात एक आधारही होता, की त्या डोंगरावर आपल्याइतकाच फसलेला दुसरा माणूस होता. पण त्यांना नोंदी घ्यायची सवय होती, आणि नोंद कुणाची बाजू घेत नाही. फेब्रुवारीत, पावणेदहाच्या आत, दगड फुटत नाही. फुटला तरी पन्नास वर्षे त्या दगडांत राहिलेल्या माणसाला दगड आणि बंदूक एक वाटत नाही. तो दचकला नव्हता. उतरताना त्याने पायथ्याच्या वाटेने न नेता दूरच्या ओढ्यातून नेले होते, आणि "जवळची वाट का नको?" असे विचारल्यावर तो भरभर पुढे निघाला होता. त्याला माहीत होते. सरांनी बाईला लांब न्यायला त्यालाच सांगितले होते. वत्सलाबाईंना आता आधार राहिला नाही. खोलीत इतके पक्षी, सगळे उताणे, सगळे कापसाच्या डोळ्यांनी छताकडे बघणारे, आणि त्यांतल्या एकाच्या चिठ्ठीवर त्यांचे नाव.

आगाशे सर पावणेचारला आत आले. पांढरा कोट, हातात सभेचा कागद. उघडा खण बघून ते थबकले नाहीत, उलट खूश झाले. "सापडला का? मी आज सगळ्यांसमोर दाखवणार होतो. नाव वाचलंत ना? तुमच्याशिवाय हे झालं नसतं."

"माझ्याशिवाय कसं झालं ते वाचलं," वत्सलाबाई म्हणाल्या.

सरांनी चष्मा पुसला. मग ते वर्गात जसे समजावत तसे समजावू लागले, आणि त्यांच्या आवाजात जराही अपराध नव्हता. "तुम्ही असतात तर माझा हात हलला असता. तुमचा जीव कसा आहे मला ठाऊक आहे. म्हणून मीच म्हटलं, त्रास नको. चित्र म्हणजे पुरावा नव्हे, वत्सलाबाई. लंडनच्या संग्रहालयाला चित्र पाठवलं तर ते म्हणतील, बाईंना असं दिसलं. कातडं पाठवलं की बोलायची सोय नाही."

"आणि दाणे ठेवलेत ते?"

"त्याच्या समाधानासाठी. रीत होती त्याची."

"रेंग्याला माहीत होतं."

"अर्थात. त्याच्याशिवाय कसं जमेल? आधी नाहीच म्हणाला. दोन दिवस नाहीच म्हणाला. मग त्याचं एक काम निघालं." सर खणाकडे वळले आणि मादीची मान बोटाने नीट सरळ केली. "भाऊ त्याचा. उदेसिंग की काय नाव. घराच्या आढ्यासाठी सागाचं खोड तोडलं म्हणून तळोद्याला कोठडीत होता. धुळ्याचा जंगल अधिकारी माझा विद्यार्थी, हे बन्सीलालच्या बायकोने त्याला सांगितलं असावं. एक पत्र हवं होतं त्याला. काठी गावच्या होळीत ढोल म्हणे हा भाऊच वाजवतो, तोवर सुटला पाहिजे."

वत्सलाबाईंना गवताच्या काडीचे तुकडे दिसले. बोलस ते करस ना. त्याने पक्षी द्यायचे ठरवले होते, तरी एक शंका उरली होती, आणि ती शंका त्याने त्यांच्यापुढे ठेवली होती. दुसऱ्या कुणापुढे ठेवणार? त्या रोज त्याच्या शेताशेजारी बसत होत्या, त्याने दिलेले पाणी पीत होत्या. नऊ पंचवीसला त्यांनी त्याची शंका फेडली आणि नऊ चाळीसला बंदूक वाजली. तो उठून कड्याकडे धावला असता, हात वर करून नको म्हणाला असता, तर पंधरा मिनिटे पुरेशी होती. आपण काय म्हणालो होतो? मान वर न करता म्हणालो होतो.

"मग सुटला का तो?" त्यांनी विचारले. आपला आवाज अगदी नेहमीसारखा आहे, हे त्यांना ऐकू आले.

सर क्षणभर आठवत राहिले. खरोखरच आठवत राहिले, त्यात नाटक नव्हते. "अहो, ते पत्र राहूनच गेलं. आल्या आल्या कातडं साफ करायचं होतं, मग परीक्षा आल्या. नंतर लिहून उपयोग नव्हता, होळी होऊन गेली. आता सुटला असेल की, अशांना काय, चार-सहा महिने." त्यांनी घड्याळ बघितले. "चला. लोक आलेत. पुस्तकाचं मी आज जाहीर करतो आहे, सगळी चित्रं तुमची. मुंबईवाल्याला नाही कळवलं."

त्या उठल्या. मुंबईवाल्याला नाही कळवलं, हे वाक्य नऊ वर्षे त्यांनी निरनिराळ्या शब्दांत स्वतःशी बोलून पाहिले होते, आणि ते असे येईल, कापूस भरलेल्या पक्ष्यांच्या खोलीत, पत्र राहून गेले या वाक्याच्या लगेच मागून, असे कधी मनात आले नव्हते. टाचण्या शिपायाने कुठून तरी आणून ठेवल्या होत्या. वत्सलाबाईंनी चारही चित्रे लावली. अंतर सारखे यावे म्हणून दोनदा काढून पुन्हा लावली. सभागृहात बावीस माणसे होती. वकील, डॉक्टर, दोन शिक्षक, पुढच्या रांगेत जोगळेकर बाई, ज्यांना कमी ऐकू येई आणि म्हणून त्या सगळ्यांत मोठ्याने बोलत. सर सुरेख बोलले. कडा, ऊन, खडकांची काळी धार, घाटातले तट्टू, सरलाबाईंची थट्टा. लोक हसले. तोफेचा विनोद सरांनी सांगितला नाही. मग त्यांनी मादी मखमलीच्या तुकड्यावर ठेवून फिरवायला दिली, आणि पुस्तकाचे जाहीर केले. टाळ्या झाल्या. वत्सलाबाईंना उभे राहून नमस्कार करावा लागला, आणि त्यांनी तो केला. टाळ्या त्यांना आवडल्या. ही गोष्ट त्या पुढे स्वतःपासून लपवणार नव्हत्या.

"येत्या फेब्रुवारीत मंडळाची सहल तिकडेच न्यायची आहे," सर म्हणाले. "नर आणि जमली तर अंडी. पाच-सहा जणांना येता येईल."

जोगळेकर बाईंनी हात वर केला. "मी येणार हो! पण तो वाटाड्या आहे ना, तो काय नाव त्याचं, तो आम्हा नवख्यांना जागा दाखवेल का?"

"दाखवेल," सर हसून म्हणाले. "बाईंचा शब्द तो मोडत नाही. सांगा, वत्सलाबाई."

त्या बसून होत्या. मादी रांगेतून फिरत फिरत डॉक्टरांच्या हातात आली होती आणि ते तिचा पंख पसरून बघत होते. सांगायला सोपे होते. हो म्हणायचे, एवढेच. नऊ वर्षे त्या हेच करत आल्या होत्या. आणि नाही म्हणायचे तर ते कुणाविरुद्ध, हे त्यांना अजून नीट ठरवता आले नव्हते, कारण रेंग्याही त्यांच्याशी खोटे बोलला होता, डोळ्यांत बघून बोलला होता, आणि ते दुखणे गेले नव्हते. पण रेंग्याच्या खोट्याला एक कारण होते, त्या कारणाला नाव होते, आणि ते नाव या सभागृहात कुणी उच्चारले नव्हते.

त्या उभ्या राहिल्या.

"रेंग्याने माझा शब्द एकदा मानला," त्या म्हणाल्या, जोगळेकर बाईंना ऐकू जावे म्हणून मोठ्याने. "त्याचा भाऊ उदेसिंग तळोद्याला कोठडीत होता. त्याच्यासाठी पत्र लिहू असं कबूल करून सरांनी हा पक्षी घेतला, आणि सर शब्द पाळतात असं मी त्याला सांगितलं. म्हणून आता तो जागा दाखवणार नाही. पत्र का लिहिलं गेलं नाही, ते सर सांगतील."

डॉक्टरांनी पंख मिटला. कुणी तरी खोकले. सर टेबलाला दोन्ही हात टेकून उभे होते, आणि बावीस चेहरे त्यांच्याकडे वळले होते. वत्सलाबाई खाली बसल्या आणि ते काय सांगतात ते ऐकू लागल्या.